शाळेसाठी मृत्युपत्रातली देणगी: गोव्यात हे काम कसं करावं

संस्थेच्या बैठकीत हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "मरणाची भाषा कशाला? त्यापेक्षा लकी ड्रॉची कूपनं छापूया." कूपनं जरूर छापा. पण दर गॅदरिंगला न चुकता पाचशे रुपये देणाऱ्या मास्तरांच्या नावावर कधी म्हापशातला एक फ्लॅट असतो, चार मुदत ठेवी असतात आणि वारस म्हणाल तर पुण्याचा एक भाचा, तोही वर्षातून एकदा फोन करणारा. शाळेसाठी काहीतरी ठेवावं असं मास्तरांच्या मनात असतं. त्यांना कोणी विचारलेलं नसतं आणि आपणहून विषय काढणं त्यांच्या स्वभावात नसतं.

माझी सगळी नोकरी सब-रजिस्ट्रार कचेरीत कारकून म्हणून झाली. निवृत्त झाल्यावर डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या संस्थेत निधीचं काम बघते. त्यामुळे भाषण कसं करावं हे मी सांगणार नाही, कागद कसा करावा हे सांगेन. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: गेलेल्या माणसाची देणगी शेवटी त्याच्या वारसांच्या हातून येते. मागायचं एकाकडे असलं तरी माहीत मात्र घरातल्या सगळ्यांना हवं.

गोव्याचं गणित

इंटरनेटवर या विषयाचं जे काही सापडतं ते बहुतेक अमेरिकेचं. तिथे मृत्यूनंतरच्या करापासून वाचण्यासाठी श्रीमंत माणसं शाळा-कॉलेजांना मालमत्ता देतात आणि त्यासाठी खास ट्रस्टचे प्रकार आहेत. आपल्या देशात इस्टेट ड्युटी १९८५ सालीच गेली. मृत्युपत्रातून शाळेला दिलं म्हणून इथे कोणाचा कर वाचत नाही. तेव्हा ती पत्रकं मराठीत करून वाटू नका, लोक ऐकतील आणि सीएकडे जाऊन हसं करून घेतील.

इथलं खरं गणित वेगळं आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेला दिवाणी कायदा आणि आता त्यातल्या वारसाहक्काच्या भागाच्या जागी आलेला गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी (म्हणजे गेलेल्या माणसाच्या मालमत्तेची यादी आणि वाटणी) कार्यवाहीचा २०१२चा कायदा, जो प्रत्यक्षात २०१६ साली लागू झाला, यांत दोन गोष्टी पक्क्या आहेत. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता दोघांची, अर्धी-अर्धी. माहेरून आलेली आणि वडिलांकडून आलेलीसुद्धा. आणि मुलं असतील तर माणसाला आपल्या वाट्यातलाही फक्त अर्धा भाग मर्जीने देता येतो. उरलेला अर्धा मुलांसाठी कायद्यानेच राखलेला असतो.

समजा एका जोडप्याची मिळून मालमत्ता ८० लाखांची आहे. काकींचा वाटा ४० लाख. त्यातले २० लाख मुलांचे. उरले २० लाख, तेवढ्यापुरतंच मृत्युपत्र त्यांच्या मर्जीप्रमाणे चालेल. एकूण मालमत्तेचा पाव हिस्सा. ज्यांना मुलंबाळं नाहीत आणि वरची पिढीही उरलेली नाही, त्यांना आपला पूर्ण वाटा देता येतो. अविवाहित निवृत्त शिक्षिका, मूल नसलेलं जोडपं, विधुर मास्तर: हे लोक तुमच्या यादीत वर हवेत, आणि त्यांच्याशीच सर्वांत जपून बोलायला हवं, कारण त्यांच्याभोवती आधीच भाचे-पुतणे आणि देवस्थानं घिरट्या घालत असतात.

हे गणित तोंडपाठ ठेवा. आमच्या भागातले एक काका मुलावर संतापून शाळेत आले होते. मुलगा दुबईला, सहा महिने आलेला नाही, धड बोलत नाही. "सगळं शाळेला लिहून देतो, कागद आण." मी म्हटलं, "भाई, सगळं देताच येणार नाही. पाव हिश्श्यापर्यंत तुमची मर्जी. आणि त्यातलंही आता नको, चतुर्थीला मुलगा येईल तेव्हा त्याच्या देखत बोलू." चतुर्थी झाली, राग ओसरला, आणि शेवटी एक लहान रक्कम विज्ञान प्रयोगशाळेसाठी लिहिली गेली. ती रक्कम मुलाला माहीत आहे. रागाच्या भरात लिहून घेतलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा हे शाळेला जास्त फायद्याचं, कारण त्या मोठ्या आकड्यावर पुढे कोर्टात वर्षं गेली असती.

आणखी एक. सुप्रीम कोर्टाने २०१९ साली सांगितलं की गोवेकराची गोव्याबाहेरची मालमत्ताही याच कायद्याने वाटली जाईल. "मुंबईचा फ्लॅट वेगळा, तो मी हवा तसा देईन" असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका. उलट, सिंधुदुर्गातून किंवा बेळगावहून नोकरीला येऊन इथे स्थायिक झालेल्या माणसाला कोणता कायदा लागतो हे वकिलानेच ठरवावं.

आधी संस्थेने घर आवरावं

कोणाच्या दारात जाण्याआधी समितीने एका पानाचा ठराव करावा. काय स्वीकारणार, काय नाही, पैसा कुठे ठेवणार, कोण सही करणार. हे पान नसेल तर पुढच्या समितीत सगळं नव्याने सुरू होतं. निवडणुका झाल्या की जुन्या सचिवांच्या कपाटाची चावी कुठे असते हे आपल्याला माहीत आहेच.

मग संस्थेचं नोंदणीतलं नाव शोधा. गंमत वाटेल, पण निम्मे घोटाळे इथे होतात. शाळा ही कायद्याने व्यक्ती नाही, देणगी घेते ती शाळा चालवणारी, सोसायटी म्हणून नोंदलेली संस्था. लोक मृत्युपत्रात लिहितात "आमच्या गावच्या हायस्कुलाला". गावात दोन हायस्कुलं असतात आणि एकाचं नाव मधल्या काळात बदललेलं असतं. नोंदणी क्रमांक, पॅन, पत्ता आणि इंग्रजीतलं नाव जसंच्या तसं एका कार्डावर छापून ठेवा आणि ते कार्डच द्या.

कर-सवलतीचे कागद चालू स्थितीत हवेत. लोक अजून 80जी म्हणूनच ओळखतात ती सवलत हयातीत दिलेल्या देणगीला लागते. रोख २,००० रुपयांवरच्या देणगीला नाही, आणि दाता नव्या कररचनेत असेल तर मुळीच नाही. देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे दरवर्षी ३१ मेपर्यंत भरावी लागते. हे काम करणारा माणूस संस्थेत नसेल तर मृत्युपत्रांच्या मागे लागू नका, आधी तो माणूस शोधा.

आणि समितीतल्या लोकांनी आधी स्वतःची मृत्युपत्रं करावीत. आमच्या अध्यक्षांनी केलं तेव्हा बाकीच्यांचं "मरणाची भाषा" प्रकरण आपोआप थांबलं.

बोलायचं कसं

गोव्यातल्या माणसाला कायम ठेव ही कल्पना नवी नाही. देवस्थानात शाश्वत पूजेसाठी पैसे ठेवायचे आणि व्याजातून दरवर्षी आजोबांच्या तिथीला पूजा व्हायची, हे फोंड्यापासून डिचोलीपर्यंत घराघरात माहीत आहे. शाळेत त्याच पद्धतीने मुलीच्या नावे बक्षीस ठेवता येतं, आईच्या नावे वह्या देता येतात, एवढंच सांगितलं तरी अर्धा विषय समजतो. तांदळाची मूठ आठवणारे जुने लोक असतील तर पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचं उदाहरण द्या. १९०८ साली उभी राहिलेली ती संस्था घरोघर बाजूला काढलेल्या मूठभर तांदळावर चालली. पोर्तुगीज राज्यात मराठी शिकवायची सोय लोकांनी स्वतः केली होती, सरकारने नाही. हे ऐकल्यावर "आता सरकार पगार देतं ना?" या प्रश्नाचं उत्तरही सोपं होतं. अनुदानित शाळेच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं, हे खरं. बालरथ, म्हणजे मुलांना ने-आण करणारी बस देतं, हेही खरं. ग्रंथालयाचं छप्पर, प्रयोगशाळेतली भिंगं, गरीब मुलाची सहल आणि दहावीनंतरची फी यांचं काय, ते विचारा.

पहिल्या भेटीत मृत्युपत्राचा शब्द काढू नका. शाळेचा जुना फोटो घेऊन जा, हजेरीपटातलं त्यांचं नाव दाखवा, चहा घ्या आणि या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत एकच वाक्य पुरतं: "मास्तर, तुमच्या मागे शाळेसाठी काही ठेवावं असं कधी मनात आलं होतं का?" आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं आपल्याला जमत नाही. आपण लगेच आकडे सांगायला लागतो, फलकावर नाव लावू म्हणतो. बोलू द्या त्यांना. बहुतेक वेळा ते आधी शाळेचं बोलत नाहीत, मुलांचं बोलतात, सुनेचं बोलतात, कोणाचा कोर्टात तुकडा अडकलाय ते बोलतात. ते सगळं ऐकून घ्यावं लागतं, आणि त्यातूनच कळतं की इथे मागावं की नाही.

एकट्याने जाऊ नका. त्यांना ओळखणारा एक शिक्षक आणि एक बाई, अशी जोडी बरी. पितृपक्षात जाऊ नका, लोकांना अपशकुन वाटतो. हॉस्पिटलात तर कधीच नको. आजारी माणसाने बोलावून घेतलं तरी मुलांना कळवून जा. भेट झाली की त्याच दिवशी वहीत चार ओळी लिहा: कोण होतं, काय बोलणं झालं, कोण काय म्हणालं. पुढे कोणी "शाळेवाल्यांनी म्हाताऱ्याला फूस लावली" म्हटलं तर ती वही बोलते.

वकील संस्थेने देऊ नये. "आमच्या ओळखीचे आहेत, फुकट करून देतील" हे वाक्य कानाला गोड लागतं, पण तेच पुढे न्यायाधीशांसमोर वाईट दिसतं. त्यांचा वकील त्यांनी निवडावा, फी त्यांनी द्यावी.

नार्वे भागातल्या एका आजींनी मला विचारलं होतं, "बाय, हांव मेल्या उपरांत ही शाळा उरतली?" याच्याइतका योग्य प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. मराठी प्राथमिक शाळांचा पट कमी होतोय, काही बंद झाल्या, काही जोडल्या गेल्या. गावात राहणाऱ्या बाईला हे माझ्यापेक्षा जास्त दिसतं. "हो हो, शाळा अमर आहे" असं सांगणं म्हणजे तिला फसवणं. मी सांगितलं की माहीत नाही, पण शाळा बंद पडली तर तुमचा पैसा कुठे जावा हे तुम्हीच आत्ता लिहून ठेवू शकता. त्यांनी लिहिलं: मुलींच्या शिक्षणासाठी, याच तालुक्यात, मराठीतून असो की नसो. माध्यमाचा आग्रह त्यांनी स्वतःच सोडला. मला तो सोडवला नसता, पण पैसा माझा नव्हता.

कागदात काय असावं

बाकीच्या भारतात माणूस घरी कागदावर मृत्युपत्र लिहितो, दोन शेजारी सही करतात आणि चालतं. गोव्याचा कायदा लागू असलेल्या माणसाचं तसं चालत नाही. तालुक्याच्या सब-रजिस्ट्रार कचेरीतले अधिकारीच विशेष नोटरी असतात, आणि मृत्युपत्र त्यांच्यासमोर, त्यांच्या वहीत, दोन साक्षीदारांसह व्हावं लागतं. ते वाचून दाखवलं जातं, मग सह्या. मजकूर गुप्त ठेवायचा असेल तर बंद मृत्युपत्राचीही सोय आहे, तेही नोटरीकडूनच मंजूर करून घ्यावं लागतं. वय झालेलं असेल तर डॉक्टरांचा दाखला सोबत घ्यावा. साक्षीदार शाळेचा कोणीही नको, शिपाईसुद्धा नको. कितीतरी घरांत शंभराच्या स्टँप पेपरवर सुबक अक्षरात लिहिलेली इच्छापत्रं कपाटात आहेत आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. ते कागद घेऊन माणूस हयात असतानाच नोटरीकडे जायला सांगा.

काय लिहावं याचे तीन प्रकार आहेत आणि ते सारखे चांगले नाहीत.

सर्वांत त्रासाचा म्हणजे ठरावीक वस्तू: "अमुक बँकेतली अमुक क्रमांकाची ठेव." ठेव मुदत संपली की नव्या क्रमांकाने चालू होते, मृत्युपत्रातला क्रमांक जुनाच राहतो. शिवाय लग्न झालेल्या माणसाला सामाईक मालमत्तेतली ठरावीक वस्तू जोडीदाराच्या संमतीशिवाय अशी देता येत नाही. दुसरा प्रकार ठरावीक रक्कम. समजायला सोपी, पण आज लिहिलेले दोन लाख वीस वर्षांनी कितीचे असतील? तिसरा, टक्केवारी: "मला मर्जीने देता येणाऱ्या भागाचे दहा टक्के." मालमत्ता वाढली तर शाळेचंही वाढतं, घटली तर मुलांवर भार पडत नाही. मी नेहमी हाच सुचवते.

मजकूर साधारण असा असावा, नोटरी आणि वकील तो त्यांच्या भाषेत बसवतील:

"कायद्याने मला मर्जीप्रमाणे देता येणाऱ्या भागापैकी दहा टक्के मी अमुक संस्थेला, नोंदणी क्रमांक अमुक, पत्ता अमुक, देत आहे. ही रक्कम कायम ठेव म्हणून ठेवावी व तिच्या उत्पन्नातून शाळेतील गरजू विद्यार्थ्यांना मदत करावी. हा हेतू पुढे पार पाडणं अशक्य झालं, किंवा शाळा बंद अथवा विलीन झाली, तर संस्थेने ही रक्कम याच तालुक्यातील मुलांच्या शिक्षणासाठी, या हेतूच्या जास्तीत जास्त जवळच्या कामाला वापरावी."

"कायम ठेव म्हणून" हे शब्द गाळू नका. दात्याने तसं लेखी सांगितलेलं असेल तरच संस्थेच्या हिशेबात ती रक्कम मूळ निधी म्हणून धरता येते, नाहीतर ती त्या वर्षाची मिळकत ठरते आणि तिच्या खर्चाचा हिशेब त्याच वर्षी मागितला जातो. आणि हेतू फार अरुंद नको. "सातवीत संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या मुलीस चांदीचं निरांजन" असं लिहिलं तर ज्या वर्षी सातवीत संस्कृत नसेल त्या वर्षी तुम्ही काय करणार?

बँकेत नॉमिनी लावला की काम झालं, हाही समज काढून टाका. नॉमिनीला बँक पैसे देते, पण ते वारसांच्या वतीने. मालक तो होत नाही.

जमीन, घर, भाट (माडांची बाग): शक्यतो नको

ज्येष्ठ लोक भावनेने घर द्यायला निघतात आणि समितीतल्या लोकांचे डोळे चमकतात. मी सब-रजिस्ट्रार कचेरीत बसून गोव्याची जमीन पाहिली आहे. एक-चौदाच्या (जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यावर आजोबांचं नाव, आजोबांना सहा मुलं, एक मोझांबिकला गेला तो परत आला नाही, इन्व्हेंटरी कधी झालीच नाही. घराच्या मागे मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, त्याला १९७५च्या कायद्याचं संरक्षण. शेतात कूळ, त्याला १९६४चा कायदा. भातशेती तर २०२३च्या कायद्यानंतर शेतकरी नसलेल्याला देणं अवघडच करून ठेवलेलं आहे. कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) जागा असेल तर ती लिहून देणाऱ्याची आहे का हा पहिला प्रश्न. आणि आमच्या मयेसारख्या गावात, जिथे कस्टोडियनच्या (निघून गेलेल्या मालकांच्या जमिनी सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) जमिनीचा प्रश्न पिढ्यानपिढ्या चालला आणि २०१४ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, तिथे सनद हातात आल्याशिवाय पुढचं बोलूच नका.

म्हणून आमच्या ठरावात लिहिलंय: फ्लॅट किंवा स्वच्छ कागदांचं घर असेल तरच विचार, आणि त्याआधी एक-चौदा, मिळकतीचा दस्त, पोर्तुगीज दस्त असल्यास भाषांतर आणि सगळ्या सहहिस्सेदारांची नावं. घर खरोखर द्यायचंच असेल तर हयातीत दानपत्र करून स्वतःला शेवटपर्यंत राहण्याचा आणि उपभोगाचा हक्क राखून ठेवता येतो. त्याला जोडीदाराची संमती लागते, मुद्रांक शुल्क लागतं, आणि मुलांच्या राखीव भागाला धक्का लागत असेल तर पुढे ते दान कमी करून मागता येतं. छप्पर गळायला लागलं की दुरुस्ती कोणाची, हेही त्यातच लिहा. कुळागर कोणी देऊ केलं तर नमस्कार करून सांगा की सुपारी काढायला शाळेकडे माणसं नाहीत. ते विकून त्यातला थोडा पैसा शाळेसाठी ठेवा, असं सुचवा.

पासपोर्ट विचारा

हे फक्त गोव्यातच इतकं महत्त्वाचं असेल. आपल्याकडच्या कितीतरी माणसांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाय आणि स्विंडनला किंवा लंडनला स्थायिक झालीत. मनाने ती इथलीच असतात, जत्रेला येतात. पण परदेशी नागरिकत्व घेतलं की त्यांचा पैसा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली परदेशी ठरतो. ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरलेलं खातं नसेल तर एक रुपयाही घेता येत नाही. उलट, भारतीय पासपोर्टवर आखातात किंवा बोटीवर असलेला माणूस आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवतो ते चालतं. म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या अर्जात नागरिकत्वाचा रकाना ठेवा आणि पासपोर्टची प्रत फाइलला लावा. लोकांना थोडं टोचतं. एका माजी विद्यार्थ्याने रागाने विचारलं, "मी परका झालो?" कायद्याला, हो. तुम्हाला शाळेत यायला कोणी अडवत नाही, म्हटलं.

माणूस गेल्यावर

गोमन्तक, नवप्रभा, तरुण भारत यांतलं निधनवृत्ताचं पान रोज कोणीतरी वाचायला हवं. आमच्याकडे ते काम लायब्ररीयन करतात. ज्यांनी शाळेचं नाव लिहिल्याचं आपल्याला सांगितलंय त्यांची वेगळी वही असते, कुलुपात. ती वही म्हणजे पैसा नव्हे. मृत्युपत्र माणूस मरेपर्यंत कधीही बदलू शकतो. त्यातला आकडा अंदाजपत्रकात धरणाऱ्या खजिनदाराला आवरा.

बाराव्यापर्यंत फक्त भेटायला जायचं. कागदाचं नाव काढायचं नाही. महिना-दीड महिन्याने घरच्या मोठ्या माणसाला एका पानाचं पत्र: शाळेला असं असं कळलं होतं, आपल्या सोयीने बोलू. मृत्यूचा दाखला असला की मृत्युपत्राची प्रत विशेष नोटरीकडून मिळते. त्यानंतर वारस नोटरीकडे वारसाचा दस्त करतात किंवा कोर्टात इन्व्हेंटरी होते. इन्व्हेंटरीत फक्त मुलं नसतात, त्यांचे जोडीदारही असतात, कारण त्यांचाही अर्धा वाटा. म्हणजे तुमची देणगी दोन मुलींच्या आणि दोन जावयांच्या सह्यांतून जाणार. ज्या जावयाने आयुष्यात आपल्या शाळेचं नाव ऐकलेलं नाही त्याला पहिल्यांदा हे कोर्टाच्या नोटिशीतून कळलं तर तो वकील करणारच. बक्षीस समारंभाला सासूबाई हयात असताना त्यालाही बोलावलं असतं तर नसता केला.

घाई करू नका, पण फाइल बंदही करू नका. दोन-तीन वर्षं सहज जातात.

पैसे आले की समितीचा ठराव, पावती, वेगळी नोंद आणि आयकर कायद्याने ठरवलेल्या ठिकाणीच, वेगळी ओळखता येईल अशी गुंतवणूक. सगळं एकाच सहकारी बँकेत ठेवू नका. म्हापसा आणि मडगावच्या नागरी सहकारी बँकांचे परवाने रिझर्व्ह बँकेने २०२० आणि २०२१ साली रद्द केले, आणि ठेव-विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच असतो. व्याज सगळं वाटून टाकू नका. नव्वदीच्या दशकात ५,००० रुपये ठेवून सुरू केलेली बक्षीसं प्रत्येक शाळेत आहेत. सात टक्क्यांनी त्याचं व्याज होतं ३५० रुपये, म्हणजे एक कंपास आणि थोडी चिल्लर. ५ लाखांवर ३५,००० व्याज आलं तर २५,००० खर्च करा, १०,००० मुद्दलात टाका. दात्याच्या घरच्यांना हे पहिल्याच वर्षी समजावून सांगा, नाहीतर त्यांना वाटतं शाळा पैसे दाबून बसली.

दर जूनमध्ये घरच्यांना हिशेबाचं पत्र जायला हवं: मुद्दल किती, व्याज किती, कशावर खर्च, किती मुलांना. मुलांची नावं लिहू नका, इयत्ता लिहा. पत्र मुलीकडेही जावं आणि जावयाकडेही, दोन्ही नावं पाकिटावर.